दस्तीखालचा भाव

आबांनी आयुष्यात कधी कुठल्या गोष्टीचा भाव तोंडाने सांगितला नाही. मेंढरं विकायची असोत, लोकर द्यायची असो, नाही तर कुणाच्या शेतात खतासाठी कळप बसवायचा असो, समोरच्याने विचारलं की आबा खांद्यावरची दस्ती काढायचे, हातावर पसरायचे आणि तिच्याखालून हात पुढे करायचे. आमच्याकडे रुमालाला दस्ती म्हणतात. आबांची मात्र चांगली पंच्याएवढी होती, कधीकाळी पांढरी असावी. तिच्याखालचा हिशेब सोपा होता. समोरच्याचं एक बोट धरलं तर एक, दोन धरली तर दोन, अख्खा पंजा धरला तर पाच. आठ सांगायचे तर एकदा पंजा आणि मग तीन बोटं. बारा सांगायचे तर पंजा, पुन्हा पंजा आणि दोन बोटं. गोष्ट शेकड्याची आहे की हजाराची, तेवढं तोंडाने म्हणायचं. भोवती दहा माणसं माना लांब करून उभी असली तरी भाव दोघांनाच कळायचा. सौदा होवो नाही तर फिसकटो, दस्तीखाली कळलेला आकडा तिसऱ्याला सांगायचा नाही, हा बाजाराचा कायदा. आबा तो इतका पाळायचे की मेंढी कितीला गेली हे आईलासुद्धा विचारून कधी कळलं नाही.

शाळेत जायच्या आधी मी आकडे शिकले ते याच दस्तीखाली. कळप अजिंठ्याच्या डोंगराला लागला, की दुपारी झाडाखाली आबा मला जवळ घ्यायचे, माझा हात झाकायचे आणि बोटं धरून विचारायचे, "सांग माय, किती?" बरोबर आलं की हातावर शेंगदाणे पडायचे. चुकलं की तेच शेंगदाणे ते स्वतः खायचे, आणि मला दाखवून दाखवून खायचे. पुढे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला मास्तरांनी गणितं घातली तेव्हा वर्गातल्या पोरी कॅल्क्युलेटर शोधत होत्या आणि माझी बोटं ओढणीखाली हलत होती. ती सवय अजून गेलेली नाही. चाळिशी उलटली, साइटचे जिने चढताना गुडघे कुरकुर करायला लागले, तरी गजाचं वजन काढताना माझा डावा हात उजव्या हाताची बोटं धरत बसतो आणि आमच्या ऑफिसातली पोरं हसतात.

इंजिनिअरिंगच्या दिवसांत मी मुकुंदवाडीला आत्याकडे राहत होते. शहराचं नाव अजून बदललेलं नव्हतं, आमच्या एसटीच्या पाटीवर औरंगाबाद लिहिलेलं असायचं. स्टेशन इतकं जवळ की गाडी आली की आत्याच्या फळीवरची पितळी भांडी किणकिणायची. आत्याचे यजमान, त्यांना आम्ही मामा म्हणायचो, चिकलठाण्याच्या एका कंपनीत पाळीने कामाला जायचे. रात्रपाळी करून ते दिवसा झोपायचे आणि मग त्या दोन खोल्यांत आम्ही सगळे कुजबुजत जगायचो. आत्या शिलाईचं काम घ्यायची, पण मामा झोपलेले असले की मशीन बंद आणि हाताची शिलाई सुरू. भाकरीसुद्धा ती अशी थापायची की आवाज होऊ नये. ज्वारीची पातळ भाकरी, येसराच्या भाजक्या पिठाची आमटी आणि पाट्यावर रगडलेला ठेचा, हा आमचा रोजचा बेत. गावाकडून हुलगे आले की माडगं व्हायचं आणि त्या वासाने मामा झोपेतून उठून बसायचे. "इतकं गपचूप राहून बी काय उपेग," आत्या म्हणायची, "वासाला कोन कुलूप लावनार?" तिच्या त्या घरात मी जेवढी हसले तेवढी नंतर कुठेच हसले नाही.

शिकून बाहेर पडले तेव्हा घरात एक ठराव झाला होता. ठराव म्हणजे आबा बोलले आणि आई गप्प राहिली. एक वर्ष शहरात नोकरी करून बघायची. आपल्या पगारात आपलं भागलं, आत्यावर ओझं न होता स्वतंत्र खोली करता आली, तर राहायचं. नाही तर घरी यायचं, मग स्थळं बघायची. ते बघायचं काम तर सुरूच होतं, भोकरदनकडचा एक मुलगा आईच्या मनात फार भरला होता. माझं मन मात्र लोखंड, सिमेंट आणि पाण्याच्या नळीने लेव्हल काढण्यात असं काही अडकलं होतं की ते सोडून जायचा विचारही नकोसा वाटायचा. आमच्या अख्ख्या भावकीत कुणी चार भिंतींचं पक्कं घर बांधलेलं नव्हतं. मला दुसऱ्यांची का होईना, पण घरं बांधायची होती.

बीड बायपासला एका कॉन्ट्रॅक्टरकडे मला काम मिळालं. त्यांना सगळे आप्पासाहेब म्हणत. पैठणकडचं जमीनदार घर, शेताचे प्लॉट झाले तसे तेही शेतकऱ्याचे बिल्डर झाले. माणूस वाईट नव्हता. पगार पहिल्या तारखेला व्हायचा, मजुरांच्या बायकांना ताई म्हणायचे, आणि सिमेंटमध्ये कधी काटकसर केली नाही. माझ्याबरोबर त्याच दिवशी इमरान लागला. इमरान सिल्लोडचा, माझ्याच वर्गातला, चार वर्षं माझ्या मागच्या बाकावर बसून माझ्या जर्नलमधून आकृत्या उतरवलेला. त्याचे वडील गफूरभाई सिल्लोडच्या बाजारात जनावरांचा व्यापार करत आणि आबांना ओळखत. आम्हा दोघांना आप्पासाहेबांनी एकामागून एक केबिनमध्ये बोलावलं. केबिन म्हणजे साइटवरचं पत्र्याचं शेड. आत एक टेबल, एक कपाट, एक कूलर आणि भिंतीवर देवांची तीन कॅलेंडरं.

त्यांनी मला विचारलं, "बोल, किती अपेक्षा?"

आता काय सांगू! मी गप्प बसले. आमच्यात विकणारा आपला भाव आधी तोंडाने बोलत नाही. ते मोकळेपणाचं नाही, उतावीळपणाचं लक्षण समजतात. मी वाट बघत राहिले, आणि खरं सांगते, माझं लक्ष त्यांच्या हाताकडे होतं. शिकलेली इंजिनिअर मी, पण समोरचा हात पुढे करील असं मला कुठेतरी वाटत होतं. ते काही झालं नाही. शेवटी मी म्हणाले, "तुम्ही द्याल ते." आप्पासाहेब खूश झाले. म्हणाले, "शहाणी पोरगी आहेस. आठ हजार. आणि एक शब्द दे, पगार कुनाला सांगायचा नाही. त्यानं मानसामानसात बिघाड होतो." मी शब्द दिला. आज माझ्यासमोर नोकरीला आलेली एखादी मुलगी "तुम्ही द्याल ते मॅडम" म्हणाली की मी तिला बाहेर पाठवते. आकडा ठरवून आत ये म्हणते. काही जणींना ते फार तुसडेपणाचं वाटतं.

साइटवर मी मन लावून काम केलं. सकाळी आठला पाणी मारलं की नाही ते बघायचं, रिंगांतलं अंतर मोजायचं, सेंट्रिंगचे टेकू हलवून बघायचे. स्लॅब असला की सिमेंटच्या किती गोण्या कितव्या तासाला गेल्या ते वहीत लिहून खाली सही करायची. इमरान तेच करायचा, मी पूर्वेच्या इमारतीवर आणि तो पश्चिमेच्या. तो हिशेबात माझ्यापेक्षा कच्चा, पण माणसं सांभाळण्यात पक्का. भांडलेल्या गवंड्यांना तो दखनीत दोन वाक्यांत असा हसवायचा की थापी पुन्हा चालू व्हायची. आम्ही दुपारी एकत्र जेवायचो, डबे बदलून. त्याच्या आईच्या हातचा दालचा मी खायचे आणि तो आत्याचा ठेचा खाऊन डोळे पुसत म्हणायचा, "तेरी आत्या इन्सान है या मिरची की बोरी?" सगळ्या गोष्टी आम्ही बोलायचो, पगार सोडून. शब्द दिला होता ना! आमच्या मिस्त्रीची महिन्याची हजेरी माझ्या पगारापेक्षा जास्त भरते हे मला माहीत होतं, पण त्याचं मला वाईट वाटत नव्हतं. त्याचे हात वीस वर्षांचे होते. इमरानला किती, हे मात्र मनातसुद्धा आलं नाही.

वर्ष संपत आलं तशी मी रोज रात्री हिशेब मांडायला लागले. आठ हजारांत खोली होत नव्हती. आत्याला थोडे द्यायचे, घरी थोडे पाठवायचे, रिक्षा, डबा, बूट, आणि उरायचं ते पुन्हा पहिल्या तारखेची वाट बघायला. फोनवर आबा विचारायचे, "भागतं का माय?" मी म्हणायचे, "भागतं." पगार किती, हे त्यांनी विचारलं नाही. फोनवर दस्ती टाकता येत नाही ना. मग एक दिवस निरोप आला की आबा येताहेत. आत्या म्हणाली, "ठरवायलाच येतोय बघ." त्या दिवशी मामा जागे होते, तरी घर कुजबुजत होतं.

आबा आत्याकडे न जाता थेट साइटवरच आले. खांद्यावर घोंगडं, हातात फडक्यात बांधलेल्या शेंगा, डोक्याला पटका. अर्ध्या बांधलेल्या इमारतीकडे ते मान वर करून बराच वेळ बघत राहिले. "हे तू बांधलं?" मी म्हणाले, "सगळ्यांनी मिळून." त्यांनी कॉलमला हात लावला, थोपटला. मेंढी घेताना ते तिची पाठ थोपटायचे तसाच. मला हसू आलं आणि रडूही. पहिल्या मजल्याच्या जिन्याखाली सावलीत आम्ही जेवायला बसलो, आबा, मी आणि इमरान.

"गफूरभाईचा पोरगा का तू?" आबांनी विचारलं.

"व्हय चाचा. तुमी आमच्या घरी चहा बी पिलात."

"मंग? कसं काय चाललंय? भेटतं का बरं?" असं म्हणत आबांनी सवयीने दस्ती काढली आणि दोघांच्या हातांवर टाकली. बाजारातल्या माणसाला असं विचारायची दुसरी रीतच माहीत नसते. इमरान हसला. तोही बाजारातच वाढलेला, त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. "हजारात हां चाचा," एवढं म्हणून त्याने दस्तीखाली बोटं धरली. आबांचा चेहरा हलला नाही. आबांचा चेहरा सौद्यात कधीच हलत नसे. त्यांनी मान डोलावली, एक शेंग फोडली, आणि मग दस्तीतला हात माझ्याकडे वळवला.

शब्द दिला होता. मग मनात आलं, शब्द पगार तोंडाने न सांगण्याचा दिला होता, बोटांचं काहीच ठरलेलं नव्हतं. आज हे लिहिताना कळतं की असली पळवाट काढायला मला जन्मभर पुरेल इतकं शिक्षण आबांकडूनच मिळालं होतं. मी त्यांचा पंजा धरला. मग तीन बोटं धरली.

आबांचा चेहरा तेव्हाही हलला नाही. पण त्यांनी माझा हात सोडला नाही. नेहमी आकडा कळला की हात लगेच सुटतो. त्या दिवशी दस्तीखाली माझा हात त्यांच्या खरबरीत मुठीत तसाच राहिला आणि ते समोरच्या वाळूच्या ढिगाकडे बघत बसले. भाकरी तशीच राहिली. मला वाटलं, संपलं. आठ कळल्यावर ते आता म्हणणार, चल घरी.

"दोघं एकच काम करता ना रे?" त्यांनी इमरानला विचारलं.

"एकच काम चाचा. उलट ही माझ्या बिलाच्या चुका काढते."

आबांनी भाकरी बाजूला सारली. मग अगदी हळू म्हणाले, "पोरा, तुजा भाव हिच्या हातात ठिवू का? तू नाय म्हनला तर नाय ठिवनार."

इमरानच्या तोंडातला घास तसाच राहिला. त्याने माझ्याकडे बघितलं, आबांकडे बघितलं, आणि त्याला सगळं कळलं. त्याचे कान लाल झाले. "ठेवा चाचा," तो म्हणाला.

आणि आबांनी माझा पंजा धरला. मग पुन्हा पंजा. मग दोन बोटं.

आधी इमरानचाच राग आला, जणू त्यानेच माझे चार हजार घेतले होते. मग आप्पासाहेबांचा आला. मग माझा स्वतःचा, त्या "तुम्ही द्याल ते"चा. मी इमरानला विचारलं, "तुला विचारलं तेव्हा तू काय म्हणालास?" तो खाली बघत म्हणाला, "मी पंधरा म्हणालो. ते बारावर आले. तू काय म्हणालीस?" मी सांगितलं. त्याने डब्याचं झाकण लावलं. "माजी चूक हाय," आबा म्हणाले. "म्या तुला भाव झाकायचा शिकवला. सांगायचा शिकवलाच नाय." मग ते उठले, पटका नीट केला आणि म्हणाले, "चल, सायबाकडं."

मी नको म्हणत होते. बाप घेऊन पगार मागायला जायचं म्हणजे लाजच. पण आबा चालायला लागले होते आणि मी मागून. केबिनमध्ये आप्पासाहेबांनी आबांना खुर्ची दिली, पाणी मागवलं. आबांनी दोन वाक्यांत विषय काढला, पोरगी वर्षभर राबली, तिचं भागत नाही. आप्पासाहेब समजुतीने बोलत राहिले. "पाव्हणं, ती आत्याकडं राहती, तिला काय खर्च? पोरांना घर चालवायचं असतं. आन् उद्या हिचं लगीन झालं की ही जानार. मी तिला शिकवायचं आन् दुसऱ्यानं न्यायचं." गफूरभाईंच्या घरात तेव्हा दोन ट्रक होते, पण ते असो. मग त्यांची नजर आबांच्या दस्तीवर गेली आणि माणूस एकदम खुलला. "लई दिवस झाले राव. आमचे वडील पैठनच्या बाजारात बैलं घ्यायचे तवा मी मांडीवर बसून बघायचो. टाका."

आबांनी दस्ती टाकली. दोन्ही हात खाली गेले.

आप्पासाहेब खुर्चीत पुढे सरकले होते, आबांचे डोळे मिटल्यासारखे झाले होते. कापड मधेच उचललं जायचं, मधेच दबायचं. कूलर घरघरत होता. दोघे रंगात आले होते, आणि मी दाराजवळ उभी होते. आमच्या बाजारात मेंढी अशीच उभी असते. तिच्यासमोर तिचा भाव ठरत असतो आणि ती कुणाच्या तरी पेंढीकडे बघत असते. माझ्या पगाराची गोष्ट चालली होती आणि त्या पत्र्याच्या खोलीत ती न कळणारी मी एकटीच होते. आबा माझ्या बाजूने लढत होते, हे मला कळत होतं. तरी माझा हात पुढे गेला आणि मी दस्ती ओढून घेतली.

दोन म्हातारे हात उघडे पडले. एकाने दुसऱ्याचं एक बोट धरलेलं.

"आबा, किती?" मी विचारलं.

आबांनी माझ्याकडे असं बघितलं जसं मी भर बाजारात त्यांचा पटका ओढला होता. "सायब दहावर आलेत. म्या अकरा म्हनतोय."

"अकरा का?"

"अगं, समोरच्याला थोडं सोडावं लागतं माय."

"मी नाही सोडणार," मी म्हणाले. "माझ्या बरोबरीनं काम करणाऱ्याला जे आहे, तेच मला पाहिजे."

आप्पासाहेबांचा चेहरा बदलला. "बरोबरीनं काम करनाऱ्याला काय हाय, ते तुला काय म्हाइत? कोन बोललं? तू शब्द दिला होता."

"कुणीही तोंड उघडलेलं नाही."

"मंग सांग आकडा."

तिथे मी अडकले. आकडा बोलले असते तर इमरान गेला असता कामावरून, आणि माझा शब्दही गेला असता. नाही बोलले तर मागायचं काय? मी दस्ती मुठीत धरून उभी राहिले. आबा जमिनीकडे बघत होते. ते तर मरेपर्यंत बोलले नसते.

"बारा," दारातून आवाज आला.

इमरान होता. हातात मोजमापाची वही, केसांत सिमेंटची धूळ. किती वेळ बाहेर उभा होता कुणास ठाऊक. "मला बारा हजार आहेत सर. माझा पगार आहे, मीच सांगतोय. शब्द मी मोडला, हिनं नाही." तो मागे सरकला नाही. दुसऱ्याचं सोडा, स्वतःचा पगार उघडपणे सांगायलाही केवढं धैर्य लागतं हे मी त्या दिवशी पाहिलं. त्या मैत्रीचं ऋण मी फेडलेलं नाही, आणि फेडायचीही इच्छा नाही.

आप्पासाहेब खुर्चीत मागे रेलले. मग त्यांनी आबांना विचारलं, "पाव्हणं, तुमच्याकडं कुनी दस्ती ओढली तर काय करता?"

"सौदा मोडतो," आबा म्हणाले.

"आन् मंग?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. "मंग ज्यानं ओढली त्यानं बोलायचं."

"बोल मग," आप्पासाहेब मला म्हणाले. "पन एक सांगतो. इमरान स्लॅबच्या दिवशी शेवटची पाटी पडेपर्यंत थांबतो. तू पोरगी, तुला लवकर जावं लागतं. मी बारा कशाचे देऊ?"

मला हसूच आलं. आप्पासाहेब स्लॅबच्या दिवशी नारळ फोडून, मजुरांना जिलेबी वाटून चार वाजता घरी जायचे. मी इमरानच्या हातातली वही नको म्हटली, कपाटातून पूर्वेच्या इमारतीची वही काढली आणि त्यांच्यापुढे ठेवली. तीन स्लॅब झाले होते. प्रत्येक तासाच्या गोण्या लिहिलेल्या, आणि प्रत्येक पानाखाली, शेवटच्या गोणीच्या वेळेपुढे, माझी सही. त्यांनी पहिलं पान बघितलं. दुसरं बघितलं. चष्मा लावला आणि तिसरं बघितलं. "मंग घरी कशी जायचीस?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "मामांची दुसरी पाळी सुटायची, ते न्यायला यायचे." त्यांनी वही मिटली आणि तिच्यावर हात ठेवला.

"बारा," मी म्हणाले. मोठ्याने. आयुष्यात पहिल्यांदा.

"बारा," आप्पासाहेब म्हणाले. "पुढच्या पहिलीपासून." मग इमरानकडे बघून, "आन् तू पळ आता, कॉलमला पानी कोन मारनार, तुजा बाप?" त्यांचा राग खरा नव्हता. तसा तो पुढेही बरीच वर्षं खरा नव्हता. मी त्यांच्याकडे सहा वर्षं काम केलं आणि निघताना त्यांनीच मला पहिलं स्वतंत्र काम दिलं.

आज माझ्या ऑफिसात सहा इंजिनिअर आहेत, त्यांतल्या चार मुली. नवा माणूस आला की त्याचा पगार सगळ्यांसमोर सांगितला जातो. इमरानने माती आणि काँक्रीट तपासायची लॅब टाकली आहे, आमच्याच रस्त्यावर. तो म्हणतो, तुझ्या या पद्धतीने तू एक दिवस माणसं गमावशील. दोनदा गमावलीही. पण दर महिन्याला तो आपला दर वाढवून सांगतो आणि मी कमी करून सांगते, अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं, आणि मग दोघं चहा पितो. नव्या पोरापोरींना या शहरात अजूनही मिस्त्रीपेक्षा कमीच मिळतं. निदान माझ्याकडे त्यांना एकमेकांचं माहीत असतं.

त्या संध्याकाळी मी आबांना सिडकोच्या बसस्टँडवर सोडायला गेले. दस्ती अजून माझ्याचकडे होती, मी ती घडी करून पुढे केली, तर त्यांनी घेतली आणि खिशात ठेवली, खांद्यावर टाकली नाही. मला वाटलं, दुखावलेत. मी म्हणाले, "आबा, चुकलं का माझं?" त्यांनी गाडीच्या पाटीकडे बघितलं. मग म्हणाले, "खोली बघ चांगली. नळाला पानी येतं का ते आधी बघ." म्हणजे मी राहणार होते. स्टँडवर इतका गोंगाट होता, आणि मी त्यात उभी राहून लहान पोरीसारखी रडले. आबांनी बघून न बघितल्यासारखं केलं आणि जळगावच्या गाडीत चढले.

त्यांना खिडकीजवळची जागा मिळाली. शेजारी एक मका विकून परत निघालेला माणूस होता, त्याच्या पायाशी रिकामी पोती. कंडक्टर तिकीट फाडत त्यांच्यापर्यंत आला. मी खाली उभी होते, गाडीचं इंजिन सुरू झालं होतं, तरी मला ऐकू आलं, कारण आबा ओरडून बोलत होते. कळपाला हाक मारताना लागायचा तो आवाज.

"माजी पोरगी इंजिनेर हाय! ती खाली उभीय ना, ती!"

मक्यावाल्याने खिडकीतून वाकून बघितलं. "आसं का? काय पगार हाय मंग?"

आबांचा हात सवयीने खिशाकडे गेला. दस्तीचं टोक बाहेर आलंसुद्धा. मग तो हात थांबला, खिडकीतून बाहेर आला, आणि माझ्याकडे बघत आबांनी भर स्टँडवर, सगळ्यांना दिसेल असा, पंजा उघडला. मिटला, पुन्हा उघडला. मग दोन बोटं वर केली.

"हजार!" ते ओरडले, आणि गाडी निघाली.